मंत्रिमहोदय, स्पीकर नकोत; संगीतोपचार करणारा माणूस द्या

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सोलापूर जिल्ह्यातील विशेष शाळांत आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान वयातच दिव्यांगत्व ओळखून उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात) संगीतोपचार सुरू करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी सोलापुरात गाणे आणि पेटी शिकवते. संध्याकाळी घरी परीक्षेचे वर्ग असतात आणि आठवड्यातले काही तास मी एका विशेष शाळेत जाते. बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम असलेली, सेरेब्रल पाल्सीची अशी मुले तिथे येतात. मी संगीतोपचाराचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. ते घेण्याची सोय माझ्या शहरात नाही, आणि हे पत्र त्याचसाठी आहे. सोलापूर जिल्ह्यात प्रशिक्षित संगीतोपचारक तयार करा, त्यांना विशेष शाळांच्या वेळापत्रकात ठरलेले तास द्या आणि त्यांच्या मानधनाची कायमची तरतूद करा, एवढी माझी मागणी आहे.

हे काम नेमके कसे चालते ते आधी सांगते, कारण 'म्युझिक थेरपी' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मंद आवाजात लावलेली बासरीची सीडी येते.

शाळेत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. बोलत नाही, हाक मारली तरी मान वळवत नाही. त्याच्या शेजारी बसून मी पेटीवर दोनच सूर धरते, टाळ घेते आणि संथ लयीत 'विठ्ठल विठ्ठल' सुरू करते. बरीच आवर्तने झाली की 'विठ्' वर थांबते. टाळ थांबतो, भाताही थांबतो. मग नुसती वाट पाहायची. त्याच्या डोळ्यांत बघायचे नाही, 'म्हण ना, म्हण ना' करायचे नाही. कित्येक आठवडे काहीच झाले नाही. एकदा त्याने माझे मनगट धरून टाळाकडे ओढले. पुढे ओठ हलायला लागले. आता तो 'ठल' म्हणतो, कधी पुसट, कधी खणखणीत, आणि म्हणून झाले की माझ्याकडे बघतो. त्याच्या आईला त्या 'ठल'पेक्षा त्या बघण्याचे अप्रूप अधिक आहे.

यात चमत्कार काही नाही. तेच आवर्तन पुन्हा पुन्हा ऐकलेल्या कानाला पुढे काय येणार ते ठाऊक झालेले असते आणि अर्धवट राहिलेला शब्द त्याला टोचतो. तो पुरा करण्यासाठी मूल पुढे येते. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने पुरे करायचे, ही आळीपाळी म्हणजेच बोलण्याची पहिली पायरी. पण त्यासाठी एका मुलाजवळ एक माणूस बसावा लागतो, तोच माणूस दर आठवड्याला यावा लागतो आणि कुठे थांबायचे, किती थांबायचे हे त्याला कळावे लागते. वीस मुलांच्या वर्गात मी हे करू शकत नाही.

ज्या मुलांचे पाय आखडतात त्यांच्यासाठी आमच्या फिजिओ मॅडम आणि मी मिळून टाळावर चालणे घेतो. आधी मूल ज्या वेगाने चालते तोच ठेका धरायचा आणि तो पक्का झाला की किंचित वाढवायचा. ठोका कधी येणार हे शरीराला आधीच कळते आणि पाऊल त्या बेताने पडते. १९९०च्या दशकात मायकेल थाउट या अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघात आणि पार्किन्सनच्या रुग्णांच्या चालण्यावर ठेक्याचा काय परिणाम होतो ते मोजून दाखवले. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे पावली खेळणाऱ्या दिंडीकडे बघणाऱ्याला हे पटवून देण्याची गरज पडू नये.

ऐकू न येणारी मुलेही यातून सुटत नाहीत. ढोलकीच्या खोडाला तळहात लावला की थाप हातात येते. फुगवलेला फुगा पोटाशी धरून ढोलकीसमोर बसवले तर ती मुले कंपनावर हसतात, थाप थांबली की वर बघतात आणि पुन्हा मागतात.

आणि हे केवळ मुलांचे नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ज्याची वाचा गेली आहे असा माणूस कधी कधी पाठ असलेला अभंग गाऊ शकतो, हे पुष्कळ घरांनी पाहिले आहे. याच अनुभवाचा आधार घेऊन १९७३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सुरांच्या चढउतारावर वाक्ये बसवून बोलणे परत आणण्याची एक पद्धत मांडली आणि वाचोपचारात ती आजही वापरतात. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून, अगदी कर्नाटकातूनही पेशंट येतात. झटक्यातून वाचून घरी गेलेल्या माणसाच्या वाचेचे पुढे काय होते, याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते.

संशोधन काय सांगते, तेही प्रामाणिकपणे मांडते. २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ३६४ ऑटिस्टिक मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना संगीतोपचार जोडल्याने मुख्य लक्षणांच्या मोजमापात ठळक फरक दिसला नाही. त्या नऊ देशांत भारत नव्हता. २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २६ अभ्यासांचा, म्हणजे १,१६५ जणांचा, एकत्रित आढावा घेतला. संगीतोपचाराने मुलाच्या एकूण स्थितीत सुधारणा होण्याची शक्यता वाढते आणि जगण्याचा दर्जा सुधारतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. सामाजिक देवाणघेवाणीबद्दल मात्र त्यालाही ठाम पुरावा मिळाला नाही. म्हणून संगीताने ऑटिझम 'बरा' होतो असे जो कोणी पालकांना सांगतो, तो त्यांची फसवणूक करतो. अमुक राग अमुक आजारावर, अशी कोष्टके छापून फी घेणारे लोक आहेत. थकलेला बाप कर्ज काढूनही ती फी भरतो. सरकारी व्यवस्था नसली की ती जागा असे लोक भरून काढतात, हेही एक कारण आहे की मी आपल्याकडे आले आहे.

आता आमच्याकडे प्रत्यक्षात काय चालते ते पाहा. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो आणि नंतर गॅदरिंग. महिनाभर एकाच गाण्याची तालीम होते. स्टेजवर मोठ्या आवाजात ट्रॅक लागतो, मागे बाई हातवारे करत असतात आणि आवाज सहन न होणारे मूल दोन्ही कान दाबून उभे असते. टाळ्या पडतात, फोटो येतो. कुठल्याच शिक्षकाला मी दोष देत नाही, त्या जीव तोडून काम करतात. पण उरलेले वर्षभर टाळ, खंजिरी आणि घुंगरू कपाटात असतात. एका शाळेत मी देणगीतून आलेला भलामोठा स्पीकर आणि कीबोर्ड पाहिला. कीबोर्डवरचे प्लास्टिकही काढलेले नव्हते, कारण वाजवणारे कुणी नाही. एका कार्यालयात मला स्पष्टच सांगण्यात आले : "मॅडम, साहित्य खरेदी दाखवता येते, माणसाचे मानधन कुठल्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या कुठल्या शीर्षकाखाली, बसवायचे?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात आहे. महापालिका, जिल्हा परिषद, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. संगीतोपचारकाचे मानधन हा त्यातला ग्राह्य खर्च आहे, असे एक स्पष्ट पत्र आपल्या विभागाने काढले तर ते हेड तयार होते. कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २७ मध्ये पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे. कलम २९ मध्ये कला दिव्यांगांना सुलभ करण्याची आणि कलेचे अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे नव्याने बांधण्याची जबाबदारी आहे. २०२२ साली महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, याचा आम्हाला अभिमान आहे. त्या विभागाकडूनच ही अपेक्षा आहे.

माणसे कुठून आणणार, असे आपण विचाराल. वाजवणाऱ्या-गाणाऱ्या माणसांची सोलापूरला कधीच वाण नव्हती. शाहीर राम जोशी इथले. सुंदरी हे सनईच्या जातीचे छोटेसे वाद्य पं. सिद्राम जाधवांनी नावारूपाला आणले, तेही इथेच. आज गल्लोगल्ली भजनी मंडळे आहेत, हलगीवाले आहेत आणि विशारद होऊन ट्यूशनवर गुजराण करणारी तरुण मुले-मुली आहेत. त्यांना मुलाचे शरीर आणि मन समजून घेण्याचे शिक्षण द्यायचे आहे. पुद्दुचेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात संगीतोपचाराचे शिक्षण देणारे केंद्र आहे. तिथल्या लोकांना बोलावून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आणि डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम उभा करावा. त्यात निम्मा वेळ तरी विशेष शाळेत, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काढलेला असावा. आठ दिवसांचे शिबिर आणि वर प्रमाणपत्र, असे मात्र करू नका. त्यापेक्षा काहीच नसलेले बरे.

भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक, वाचोपचारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांची नोंदणी करते. संगीतोपचारक त्या यादीत नाहीत. नोंदणी नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून कुणी शिकायला जात नाही. हा विषय केंद्राचा आहे, पण राज्याने आग्रह धरला तर वजन पडेल.

एक गोष्ट मुंबईत बसून लक्षात येणे अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या शहराच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. अक्कलकोटकडून येणारी मुले कन्नड ऐकत वाढलेली, काही घरांत उर्दू. शाळेत मात्र सगळे मराठीतून. ज्या मुलाला मुळात शब्दच जड जातात, त्याच्यावर आपण आणखी एक भाषा लादतो. पूर्व भागातली एक मुलगी माझ्या मराठी बडबडगीतांना काही दाद द्यायची नाही. हाताची मूठ घट्ट, खुळखुळा दिला की खाली. एकदा तिच्या आईला थांबवून घेतले आणि घरी काय म्हणता ते म्हणा, म्हटले. ती लाजली, मग पदर सावरून तेलुगूतली अंगाई गुणगुणायला लागली. मी पेटीवर सूर धरला. मुलीची मान आईकडे वळली, खांदे सैल झाले आणि थोड्या वेळाने मूठ उघडली. त्या उघड्या हातात आम्ही घुंगरांची पट्टी दिली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक सत्राची सुरुवात त्या अंगाईने होते. मला शब्द नीट येत नाहीत, आई सुधारून देते. म्हणून सोलापूरच्या अभ्यासक्रमात घरच्या भाषेतली गाणी गोळा करणे हा विषय असलाच पाहिजे आणि उपचारकांमध्ये तेलुगू-कन्नड जाणणारी माणसे असलीच पाहिजेत. एकच गाण्यांची पेनड्राइव्ह तयार करून ती राज्यभर वाटली, तर तिचा आमच्या मुलांना काडीचा उपयोग नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. त्या मोजणीत दिव्यांगत्वाचे आठच गट होते आणि ऑटिझमचा वेगळा रकाना नव्हता. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले. म्हणजे गरज कागदावर दिसते त्यापेक्षा मोठीच आहे. करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याच्या पालकांना एका सत्रासाठी सोलापूर गाठायचे तर अख्खी रोजंदारी बुडते. म्हणून उपचारकाने तालुक्याच्या गटसाधन केंद्रात ठरलेल्या वारी जावे. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेचे विशेष शिक्षक तिथे आहेतच, त्यांच्याच बरोबरीने हे काम व्हावे.

सगळा महाराष्ट्र एका दमात करा, असे मी म्हणत नाही. सोलापूर जिल्ह्यात दोन वर्षे करून पाहा. दर मुलाचे उद्दिष्ट आधी लिहा : हाताची पकड, चालण्याचा वेग, नजर, एखादा शब्द. दर तीन महिन्यांनी ते तपासा, आणि तपासणारा माणूस संगीतोपचारक नसावा, फिजिओ किंवा वाचोपचारतज्ज्ञ असावा. ज्या मुलाला उपयोग होत नाही त्याचा वेळ दुसऱ्या उपचाराला द्या. गोंगाटाने त्रास होणाऱ्या, फिट येणाऱ्या आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांसाठी काय जपायचे याचे नियम डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. दोन वर्षांचे निकाल चांगले असोत वा वाईट, जाहीर करा.

महापालिका आणि जिल्हा परिषदेची अंदाजपत्रके मार्चअखेर मंजूर होतात. ५ टक्के निधीबाबतचे आपले पत्र त्याआधी आले, तर जूनमध्ये शाळा उघडताना पहिले तास लागू शकतील. ते पत्र आयुक्तांना आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना एकाच वेळी जावे आणि त्याची प्रत विशेष शाळांना मिळावी, म्हणजे मुख्याध्यापकांना ते हातात घेऊन पाठपुरावा करता येईल. मानधनाचा, तासांचा आणि प्रशिक्षणाचा कच्चा आराखडा आम्ही काही संगीत शिक्षक, फिजिओ आणि पालक मिळून तयार करतो आहोत. आपण सांगाल त्या अधिकाऱ्यांकडे तो घेऊन येऊ.

आपली विश्वासू,
सोलापुरातील एक संगीत शिक्षिका