फिजीत थोरला मुलगा आपोआप प्रमुख होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला फिजीच्या कुळप्रमुखांवरचा लेख वाचून राहवलं नाही. 'वडिलांच्या मागे थोरल्या मुलाला गादी आपोआप मिळते', असं लेखकाने बेधडक लिहिलं आहे. तसं असतं तर रातू सर जॉर्ज थाकोंबाऊ १९८९ मध्ये वारल्यावर बाऊ बेटाच्या वुनिवालूचं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रमुखाचं, पद तीस वर्षांहून जास्त रिकामं का राहिलं? त्यांना मुलगे नव्हते असं थोडंच आहे!

पद कुळाचं असतं. ते भावाकडून भावाकडे जातं, बाईकडेही जातं. रेवा प्रांतात २००४ मध्ये लेडी लाला मारा वारल्या आणि रोको तुई द्रेकेती हे तिथलं प्रमुखपद त्यांच्या बहिणीकडे, रो तेइमुमु केपांकडे आलं. एवढं तरी लेखात यायला हवं होतं.

प्रमुख कोण यावर कुळाचं एकमत झालं नाही की काय होतं, ते मी पाहिलं आहे. उसाच्या कामासाठी मी काही वर्षं फिजीच्या मुख्य बेटाच्या, विती लेवूच्या, पश्चिमेला होतो. शेजारचा शेतकरी गिरमिटियांचा, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचा, नातू. त्याचा तीस वर्षांचा भाडेपट्टा संपत आला होता. जमीन गावकऱ्यांच्या मालकीची; कागदावर सही सरकारी जमीन मंडळाची, पण गाव राजी नसेल तर पुढचं अवघड. म्हणून रिवाजाप्रमाणे यंगोनाची मुळं (त्यांचं पेय करून मानाने देतात) घेऊन आम्ही गावात गेलो. प्रमुख वारून बरीच वर्षं झालेली, दोन चुलतभाऊ हक्क सांगत होते आणि दोघेही वरच्या अंगाला बसलेले. यंगोना वाढणाऱ्या पोराने करवंटी भरली आणि ती हातात धरून तो तसाच उभा राहिला. पहिला मान कोणाला द्यायचा? शेवटी एका म्हाताऱ्या काकांनी हात पुढे केला. आमच्या विनंतीला मात्र कोणीच उत्तर दिलं नाही, कारण जो बोलेल त्याने प्रमुखपद घेतल्यासारखं झालं असतं. पट्टा वाढला नाही. आजोबांनी तोडलेल्या जंगलावरचं ते शेत सोडून तो माणूस बायकोमुलांसह सुवाकडे गेला.

तेव्हा भाड्यातला ठरावीक टक्का प्रमुखांना मिळत असे. २०११ पासून जमीनमालक कुळातल्या सगळ्यांना सारखा वाटा मिळू लागला. वाद इतके चिघळत त्यामागे हा पैसाही होता. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आणि लेखासोबतचा फोटो हवाईच्या नर्तिकांचा आहे. हवाई फिजीपासून पाच हजार किलोमीटरवर आहे. कृपया दोन्ही चुकांची दुरुस्ती छापावी.

आपला,
एक जुना वाचक, सांगली