शुभास पत्र

प्रिय शुभा,

माझी तब्येत बरी आहे, गुडघा मधूनमधून बोलतो. पत्राला फार उशीर झाला, राग धर. पण आजचं तुलाच सांगायचंय, इथे कुणाला त्याचं काय होणार?

ऊसतोडीच्या टोळीतला एक माणूस आला, तुमच्या बीडकडचा. फडात पाचटाचं टोक डोळ्याला लागलेलं. मधे कुणीतरी स्टेरॉइडचे थेंब दिले, मग कुठेतरी ‘केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून केलेल्या तपासणीत) बुरशी’ एवढंच लिहून मिळालं आणि नाटामायसिन ५ टक्के हे बुरशीचे थेंब तासातासाला सुरू झाले. व्रण पसरतच चाललाय. मी पुन्हा स्क्रेपिंग, म्हणजे व्रणाचं खरवडून घेतलेलं, मागवलं. स्लाइडवर तंतू रुंद, फितीसारखे, आडपडदे जवळजवळ नाहीतच. शुभे, पायथियम! बुरशीसारखं दिसणारं, पण बुरशी नसलेलं.

आठवतंय ना, परिषदेत जेवणाच्या रांगेत आपण भांडलो होतो? तू म्हणत होतीस, तंतू दिसला की बुरशीचं औषध सुरू, नाव मागाहून. वरण गार झालं आणि मागचे लोक वैतागले, तरी तू हटली नाहीस. मी म्हणत होते, आधी नाव, मग औषध. आजही तेच म्हणते. नाटामायसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाला पकडतं, पायथियममध्ये तेच नसतं. मग कितीही थेंब घाल. त्याला लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही जिवाणूंवरची औषधं लागतात. ते दिवस वाया गेले की डोळा हाताबाहेर जातो, आणि या माणसाचं पोट डोळ्यावर आहे गं.

तू दवाखान्यातच केओएचचं टेबल मांडतेयस म्हणून हे नीट लिहिते. भूल प्रोपॅरॅकेन ०.५ टक्केचीच दे, जंतूंची वाढ ते सगळ्यात कमी दाबतं. वरचा पू-चिकटा आधी पुसून टाक, त्यात काही सापडत नाही. १५ नंबरच्या ब्लेडने व्रणाच्या कडेचं आणि तळाचं खरवड. स्लाइडच्या खालच्या बाजूला पेनने गोल काढ, वर त्याच जागी पातळ पसर, नाहीतर एवढासा नमुना शोधतानाच दमशील. १० टक्के केओएचचा एक थेंब, कव्हरस्लिप, पाच-दहा मिनिटं थांब. कंडेन्सर खाली घे, डायफ्रॅम आवळ. भगभगीत उजेडात तंतू दिसतच नाहीत. आधी १०चं भिंग, मग ४०चं. केओएच भिंगाला लागू देऊ नकोस.

फसतं ते बहुतेक इथेच. पेशींच्या कडा एकापुढे एक जुळून तंतूचा भास होतो, कापसाचा धागाही चकवतो. खऱ्या तंतूच्या दोन्ही भिंती समांतर असतात, त्याला फांद्या फुटतात, आणि तो पेशीची कड सोडून मधूनच जातो. केओएच उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन स्फटिक धरतं. म्हणून छोटी प्लास्टिकची बाटली, झाकण घट्ट.

कल्चरसाठी, म्हणजे नमुना प्लेटमध्ये वाढवायला, ‘सी’ आकाराच्या रेघा ओढ. वाढ रेघेवर आली तरच धर, बाहेर आली तर ती हवेतली. बुरशी वाढवायचं साबुरो माध्यम सायक्लोहेक्झिमाइड नसलेलंच घे, डोळ्यातल्या कित्येक बुरश्या त्याने दबतात. आणि प्लेट दोन आठवडे तरी टाकू नकोस. दोन दिवसांत काही उगवलं नाही म्हणून फेकलेल्या प्लेटा पाहिल्या की माझा जीव जळतो.

रुंद, पडदे नसलेले तंतू दिसले तर दुसऱ्या स्लाइडवर आयोडीन-पोटॅशियम आयोडाइड आणि मग ६५ टक्के सल्फ्युरिक आम्ल घालायचं. पायथियम निळं-काळं होतं, बुरशी पिवळट-तपकिरीच राहते. आमच्या माणसाचे तंतू निळे झाले. औषध आजच बदललंय. डोळा राहील की नाही, सांगता येत नाही.

केतनची दहावी कशी गेली? डोळे तपासायचा नवा स्लिट लॅम्प बसला का? सासूबाईंना नमस्कार सांग.

आम्ल मीच बनवून पाठवते, तू घाई करू नकोस. केलंसच तर पाण्यात आम्ल, थेंबाथेंबाने; आम्लात पाणी कधीच नाही. आणि असा पेशंट आला तर औषध लिहायच्या आधी स्लाइडचा फोटो मला टाक, रात्री कितीही वाजता.

तुझी,
मंदा