मॅडम, समासातल्या त्या एका शब्दासाठी

आदरणीय मॅडम,

परवा सेकंड पीयूसीच्या, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या बारावीच्या, दुसऱ्या परीक्षेचा निकाल लागला. बायोलॉजीच्या लेखी पेपरात ७० पैकी ४९. मार्चमध्ये याच विषयात १६ पडले होते. आत्याने लगेच तुम्हाला फोन लावून माझ्या हातात दिला, पण मला रडूच आवरेना, बोलायचं ते सगळं राहून गेलं. म्हणून हे पत्र. चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण माझ्यासारखी मुलं आमच्या खानापूर तालुक्यात गावोगाव आहेत.

दहावीपर्यंत आम्ही विज्ञान मराठीत शिकलो. पेशी, केंद्रक, गुणसूत्रे, पर्णरंध्रे. पीयूसीला सायन्स घेतलं आणि एका दिवसात हे सगळे शब्द निरुपयोगी झाले. तरी शिकवलेलं मला कळत होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. कागदावर मात्र दोन तुटक वाक्यं उतरायची आणि पेन थांबायचा.

भात विकून बाबांनी ज्या क्लासची फी भरली होती, तिथे मी एकदा सरांना विचारलं, पाच मार्कांच्या उत्तरात नेमकं लिहायचं काय? ते म्हणाले, का-कशाला विचारत बसू नकोस, नोट्स पाठ कर. पुढे सगळ्या वर्गासमोर म्हणाले, मराठी मीडियमच्या पोरांनी आर्ट्सच घ्यावं. त्या नोट्स मी पानंच्या पानं पाठ केल्या. मार्चच्या पेपरात प्रश्न जरासा फिरवून विचारला होता. पाठ केलेलं सगळं लिहिलं आणि विचारलेलं तेवढंच राहिलं. वर्षभरात त्या सरांनी माझी एकही उत्तराची वही उघडून बघितली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवावा असंही मला वाटत नाही.

तुम्ही मला ओळखतही नव्हता. बेळगावातल्या शहापूरला आत्याच्या गल्लीत राहणाऱ्या, गदगकडच्या, रिटायर झालेल्या कन्नड बोलणाऱ्या मॅडम, एवढंच मला माहीत होतं. नापास झाल्यावर आत्या मला तुमच्याकडे घेऊन आली. तुम्ही मार्क विचारलेच नाहीत. ‘बुक आण,’ म्हणालात.

पहिल्या दिवशी तुम्ही सिकल सेल ॲनिमियाचा तीन मार्कांचा प्रश्न दिलात. मी लिहिलं, लाल रक्तपेशीचा आकार विळ्यासारखा होतो. वाक्य बरोबर होतं. तुम्ही ते खोडलं नाही, त्याच्यावर लाल रेघही मारली नाही. वही आत ठेवून घेतलीत आणि उद्या ये म्हणालात.

दुसऱ्या दिवशी वही उघडली तर समासात पेन्सिलीने, देवनागरीत, एकच शब्द होता. ‘म्हणून?’ त्याच्या खाली खोडरबरने पुसलेलं काहीतरी दिसत होतं. वही उजेडात तिरकी धरली तेव्हा वाचता आलं. आधी तुम्ही ‘मनून?’ लिहिलं होतं. शेजारच्या वहिनींनी नंतर आत्याला सांगितलं, की तुम्ही रात्री त्यांच्याकडे वही घेऊन गेला होता आणि हा शब्द कसा लिहायचा ते विचारून आलात. मॅडम, आयुष्यभर कन्नड आणि इंग्रजीत शिकवलेल्या तुम्ही एका परक्या पोरीच्या वहीत तिच्या भाषेतला एक शब्द चुकू नये म्हणून रात्री शेजारचं दार वाजवलंत. ‘व्हाय’ लिहिलं असतंत तरी मला कळलं असतं. तोंडाने तर तुम्ही कन्नडमध्ये ‘याके?’, म्हणजे ‘का?’, म्हणतच होता, आणि तेही मला कळत होतं. तरी तुम्ही ते पुसून नीट लिहिलंत. नापास झाल्यापासून मला वाटत होतं, की माझी भाषाच माझं ओझं आहे. ते वाटणं त्या समासात संपलं.

पुढचे १६ दिवस तो शब्द आमच्यासोबत बसायचा. डीएनएमधला एक बेस बदलतो, म्हणून जीएजी हा कोडॉन, म्हणजे प्रथिनातला एक घटक ठरवणारी तीन अक्षरं, जीयूजी होतो. म्हणून हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. म्हणून ऑक्सिजन कमी पडला, की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात. आणि म्हणून पेशी विळ्यासारखी वाकते. मी फक्त शेवटची पायरी लिहिली होती. मार्क तर आधीच्या पायऱ्यांना असतात. हे दोन वर्षांत मला कुणीही सांगितलं नव्हतं. आधी मराठीत साखळी जुळव, मग एकेक कडी इंग्रजीत लिही, असं तुम्ही म्हणालात. ‘मेन्शन’ म्हटलं असेल तर नुसती नावं, ‘एक्स्प्लेन’ म्हटलं असेल तर साखळी. फरक लिहिताना दोन्ही बाजूंना एकाच मुद्द्याची तुलना. बाकी कसं शिकवलंत ते सांगत बसत नाही, ते सगळं वहीत आहे.

एक दिवस मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुहेरी फलन, म्हणजे फुलात एकाच वेळी होणारी दोन मीलनं, माझ्या डोक्यात बसत नव्हतं. तुम्ही आतून मूठभर तांदूळ आणि चार शेंगा आणल्यात. परागातून आलेला एक नरयुग्मक (नर पेशी) अंडपेशीला मिळतो, त्याचा गर्भ होतो. दुसरा मधल्या दोन ध्रुवीय केंद्रकांना मिळतो, त्याचा एंडोस्पर्म होतो, गर्भाचं अन्न. शेंगदाण्यात बी पिकेपर्यंत गर्भ ते खाऊन संपवतो. भातात ते शिल्लक राहतं. तांदूळ माझ्या तळहातावर ठेवून तुम्ही म्हणालात, ‘तुझे वडील हेच पिकवतात.’ दरवर्षी चिखलात उतरून मी रोप लावते, मॅडम, आणि हे मला माहीत नव्हतं. परीक्षेत एंडोस्पर्मवर प्रश्न आला, तेव्हा आमचं शेत डोळ्यांसमोर होतं आणि पेन एकदाही अडला नाही.

आपल्या भागात भाषेवरून काही झालं, की आधी बस बंद होतात. १९५६ पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद आहे, आमच्या घरातही त्याबद्दल ठाम मतं आहेत, ती बदललेली नाहीत आणि तुम्ही कधी विचारलीही नाहीत. पण याच बेळगावात किराणा दुकानदार एका गिऱ्हाईकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलत एकाच हाताने साखर तोलतो. खानापूरच्या शेवटच्या बसचा कन्नड कंडक्टर, मुलगी एकटी आहे म्हणून, मला पुढच्या सीटवर बसवतो आणि फाट्यावर बाबा दिसेपर्यंत बस हलवू देत नाही. अशी माणसं कुठे जाऊन सांगत नाहीत, त्यांचे फलक लागत नाहीत. निदान मी तरी सांगावं असं वाटलं.

फी विचारली तेव्हा तुम्ही आत्यावर रागावला होता. त्यामुळे पैशांचं काढत नाही. आत्या म्हणाली, बेळगावचा कुंदा (खव्याची मिठाई) घेऊन जा. पण तुम्हाला साखर चालत नाही, म्हणून रविवारी येताना घरचा बासमती आणते आहे. गेल्या वर्षीचा, जुना, मोकळा भात होणारा. आईने निवडून ठेवलाय. दोनच किलो आहे, नको म्हणू नका.

तुमची,
कट्ट्यावर बसून शिकलेली विद्यार्थिनी