मेश बारीक करण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वाहत्या पाण्याने थरथरणाऱ्या पत्र्याच्या गणिताबद्दल बोलत होतीस. कंपनाचे आकडे मोजमापाशी जुळेनात, तेव्हा गणितासाठी पत्र्याचे तुकडे पाडणाऱ्या जाळीबद्दल म्हणालीस, "मेश आणखी बारीक करते, मग आकडे जुळतील." घरात पाहुणे होते, म्हणून तेव्हा बोलले नाही.

आधी कागदावर हिशेब मांड. पाणी सेकंदाला १० मीटर धर. सीमास्तरातले, म्हणजे पत्र्यालगतच्या पाण्याच्या थरातले, भोवरे साधारण सात दशांश वेगाने सरकतात, म्हणजे ७ मीटर. १००० हर्ट्झला दाबाची लाट भरली ७ मिलिमीटर. तुझ्या ६ मिलिमीटर जाड पोलादी पत्र्यातली वाकण्याची लाट मात्र, पाण्याचं ओझं धरूनही, २० सेंटीमीटरच्या आसपास. त्या ७ मिलिमीटरांत मेशचे सात तुकडे, म्हणजे एलिमेंट, बसवायचे तर मीटरभर चौरस पत्र्याला दहा लाख एलिमेंट! कॉम्प्युटर रात्रभर धापा टाकणार नाही तर काय करेल?

आणि एवढं करून हाती काय? पत्र्याच्या एका फुगवट्यावर दाबाचे डझनभर चढउतार दाटीने बसतात आणि एकमेकांत फिटतात. पत्रा हलतो तो त्याच्या स्वतःच्या लाटेइतक्या लांब दाबाने, आणि तो दाब फार क्षीण असतो. तो नीट सांगणारं मॉडेल हवं. तू घेतलेलं कॉरकॉसचं मॉडेल सुटसुटीत खरं, पण लांब लाटांकडे ते दाब अवाच्या सवा सांगतं. तुझं कंपन मोजमापाच्या वर जातंय ते बहुधा तिथेच. चेसचं १९८० चं मॉडेल लावून बघ.

मेश पत्र्याच्या लाटेला पुरेसा असला की झालं. मात्र मोठ्या तुकड्यांच्या मेशवर ती ७ मिलिमीटरची लाट तशीच टाकू नकोस. ती लांब लाटेचं सोंग घेऊन उत्तरात शिरेल. भार लावण्याआधीच गाळून टाक.

मैत्रिणीच्या विमानाच्या गणितातली सेटिंग्ज उचलू नकोस. तिथे हवा २४० मीटर वेगाने, ॲल्युमिनियमचा पत्रा १ मिलिमीटर. ३००० हर्ट्झच्या जवळपास भोवऱ्यांचा वेग आणि पत्र्यातल्या लाटेचा वेग जुळतात. तिथे भोवऱ्यांची मुख्य लाटच पत्र्याला हलवते, त्यामुळे कॉरकॉस बऱ्यापैकी निभावतो.

आणि हो, भिंतीवरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं तोंड केवढं आहे? ५ मिलिमीटरचं असेल तर ती बारीक लाट त्याच्यावरही बरीच पुसली जाते. गाईडना विचार, आणि दोन्ही मॉडेलं एकाच आलेखावर काढून पाठव.

तुझी,
आई