मूलपेशी कुठल्या, तेही छापा

महोदय,

कंपवातावर मूलपेशींचे प्रयोग यशस्वी, ही आपल्या पुरवणीतली बातमी आमच्या मोठ्या दिरांनी कापून ठेवली आणि मला विचारले, "पुन्हा जायचं का त्या डॉक्टरांकडे?" बातमी खोटी नव्हती. पण मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी घडतात त्या स्टेम सेल, कुठल्या वापरल्या, हे तीत कुठेच नव्हते.

गेल्या वर्षी एका क्लिनिकने दिरांच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, त्यातल्या पेशी वेगळ्या करून मणक्यातून टोचल्या आणि अडीच लाख रुपये घेतले. हातातला चहा आजही बशीत सांडतोच. मी जन्मभर बारावीला जीवशास्त्र शिकवले, तरी मला विचारले ते पैसे भरून झाल्यावर!

मज्जेतल्या (मटणाची नळी चोखणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको) ज्या मूलपेशींचा एवढा लौकिक आहे, त्यांचे काम रक्त तयार करण्याचे. ते त्या चोख करतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून आपल्याकडे रक्ताच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण त्यावर जगले. पण रक्त बनवणाऱ्या पेशीने मेंदूत जाऊन डोपामिन, म्हणजे कंपवातात मेंदूला कमी पडणारे रसायन, बनवावे, ही अपेक्षा कुंभाराकडून दागिने घडवून घेण्यासारखी आहे.

भ्रूणातल्या मूलपेशींचे तसे नाही. 1998 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी त्या काही दिवसांच्या मानवी भ्रूणातून वेगळ्या काढून वाढवल्या. त्या शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकतात, आणि धोकाही त्यातच आहे: तशाच टोचल्या तर त्यांची गाठ होऊ शकते. म्हणून आधी प्रयोगशाळेत त्यांना चेतापेशी होण्याच्या वाटेला लावतात, मग थेट मेंदूत सोडतात. 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या कंपवाताच्या अशा चाचणीत रुग्ण होते अवघे 12, आणि मुख्यतः पाहायचे होते ते उपचार सुरक्षित आहे का, एवढेच. भ्रूण नष्ट करण्याला अनेकांचा आक्षेप असतो. त्यावर जपानचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये वाट काढली. उंदराच्या त्वचेतल्या साध्या पेशीच त्यांनी भ्रूणपेशींसारख्या करून दाखवल्या. पुढे माणसाच्या अशा पेशी वापरून क्योतोत कंपवाताच्या 7 रुग्णांवर चाचणी झाली.

क्लिनिकवाले आशा दाखवतात ती या पेशींची आणि टोचतात मज्जेतल्या. दोन्हींना नाव एकच, त्यामुळे खोटे बोलावेही लागत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण सोडून मूलपेशींचा बाकी सगळा वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. पेशंटकडून पैसे घेऊन प्रयोग करणे त्यात बसत नाही.

तेव्हा विनंती दोनच. अशी बातमी छापताना पेशी कुठल्या, रुग्ण किती आणि चाचणी कितव्या टप्प्यात आहे, या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदात द्याव्यात. आणि त्याच पानावर 'गुडघे, मणके, मतिमंदत्व, सर्वांवर स्टेम सेल' ही चौकट छापणे थांबवावे.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा