‘एल’ हे अक्षर खोडणाऱ्या लॅबमधल्या ताईंना

ताई,

स.न.वि.वि.

पत्र तुम्हाला लिहितोय, पण मुद्दाम उघडं ठेवलंय. चोपडा, अमळनेर, शहादा, साक्री, चाळीसगाव इकडे कुत्र्यांचे दवाखाने चालवणारे, त्यांचे कंपाउंडर आणि ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं आहे ते मालक, सगळ्यांनीच ते वाचावं असं वाटतं. तुमचं नाव नको म्हणालात म्हणून घातलेलं नाही.

तुमची लॅब माणसांची. तिथल्या यंत्रावर कुत्र्याचं कॉर्टिसॉल (मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीतून येणारं शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) मोजता येतं, कारण हा रेणू माणसात आणि कुत्र्यात एकच आहे. घोळ त्याच्या पुढे होतो. माणसाच्या सकाळच्या कॉर्टिसॉलची मर्यादा साधारण ५ किंवा ६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपासून सुरू होते. धडधाकट कुत्र्याचं मूळ, म्हणजे चाचणीचं कुठलंही औषध टोचण्याआधीचं, कॉर्टिसॉल १ ते ६ च्या आसपास कुठेही असतं, आणि त्याला सकाळ-संध्याकाळचं घड्याळ असं नसतंच. म्हणजे कुत्र्याचा आकडा २.३ आला की संगणक आपोआप त्यापुढे ‘एल’ छापतो, वाचणारा ‘कमी आहे’ म्हणतो आणि बिचाऱ्या कुत्र्याला ॲडिसन (कॉर्टिसॉल कमी पडण्याचा आजार) ठरवून जन्मभराच्या गोळ्या सुरू होतात. खरं तर २.३ हाच आकडा सांगतो की ॲडिसन जवळपास नाहीच. कुत्र्यात मूळ कॉर्टिसॉल २ च्या वर असलं की तो विषय तिथे बंद करता येतो. तुम्ही ते ‘एल’ पेनाने खोडता, माणसाची रेंज काढून टाकता, ‘नमुना : श्वान’ असं लिहिता आणि एकक ठळक करता. कोणाला वाटेल, कारकुनी काम. पण आमच्या भागातल्या किती कुत्र्यांचं निदान त्या एका रेघेवर टिकलंय, ते आम्हाला माहीत आहे.

एककाचंही तसंच. पुस्तकात ४० दिसतं, रिपोर्टवर १.४, आणि दोन्ही एकच असतात. मायक्रोग्रॅमला २७.६ ने गुणलं की नॅनोमोल येतात. हे गणित तुम्ही रिपोर्टच्या तळाशी छापायला लागल्यापासून फोनवरचे निम्मे वाद मिटले.

आता तुमच्या त्या चार प्रश्नांबद्दल. नळी हातात घेण्याआधी तुम्ही विचारता : स्टिरॉइड कधी, कोणतं? केसांची गोळी चालू आहे का? रक्त किती वाजता काढलं? कुत्रं नेमकं करतंय काय? सुरुवातीला हे प्रश्न जाच वाटतात. एकेकाचं कारण इथे लिहितो, म्हणजे पुढच्याने कपाळाला आठ्या घालू नयेत.

स्टिरॉइडचं आधी. प्रेडनिसोलोन यंत्राला कॉर्टिसॉलसारखंच दिसतं, त्यामुळे आकडा खोटा फुगतो. हायड्रोकॉर्टिसोन तर कॉर्टिसॉलच. डेक्सामेथासोन यंत्राला जवळपास दिसत नाही, पण कुत्र्याच्या स्वतःच्या ग्रंथीला ते गप्प बसवतं. त्यात आपल्याकडे खाजेवर महिनाभर टिकणारं डेपो इंजेक्शन द्यायची सवय, कानातल्या थेंबांत स्टिरॉइड, आणि मालकाच्या कपाटातलं क्लोबेटासोलचं मलम, जे कुत्रं चाटून पोटात घेतं. ही सगळी स्टिरॉइडंच. मालक मात्र ‘स्टिरॉइड नाही दिलं हो’ असंच सांगणार, कारण ट्यूबवर तसं मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. म्हणून ट्यूबा आणि थेंबांच्या बाटल्या सोबत आणायला सांगा, हा तुमचा आग्रह योग्यच.

केसांची गोळी म्हणजे बायोटिन. कुशिंगच्या, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराच्या, कुत्र्याचे दोन्ही बाजूंचे केस सारखे गळतात, म्हणून मालक आधी बायोटिन सुरू करतो. ज्या यंत्रांची पद्धत बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर चालते, त्यांत रक्तातलं जादा बायोटिन कॉर्टिसॉल खोटं वाढवून दाखवतं. केस गळतात म्हणून दिलेली गोळी केस का गळतात याचंच उत्तर चुकवते. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नसतं.

वेळेचा प्रश्न मुख्यतः डेक्सामेथासोनच्या कमी मात्रेच्या चाचणीसाठी. धडधाकट कुत्र्याचं कॉर्टिसॉल त्याने दबतं, कुशिंगवाल्याचं दबलेलं राहत नाही. पद्धत अशी : मूळ रक्त, मग किलोला ०.०१ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेतून, मग चौथ्या आणि आठव्या तासाला रक्त. मधे खाणं नाही, त्रास नाही, शेजारच्या पिंजऱ्यात भुंकणारा पाहुणाही नाही. चूक होते ती मात्रेत. बाटलीवरचे ४ मिलिग्रॅम हे सोडियम फॉस्फेट क्षाराचे असतील तर त्यात मूळ औषध साधारण ३ मिलिग्रॅमच भरतं, म्हणून आधी लेबल वाचायचं. तसं असेल तर १ मिली औषध सलाइनने १० मिली करायचं, म्हणजे मिलीत ०.३ मिलिग्रॅम झालं. १२ किलोच्या कुत्र्याला ०.१२ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे बरोबर ०.४ मिली, इन्सुलिनच्या सिरिंजने मोजून. न पातळ करता ‘थोडंसं’ टोचलं की मात्रा दुप्पट-तिप्पट जाते, आजारी ग्रंथीही दबते आणि कुशिंग निसटतं. थोडं औषध शिरेबाहेर गेलं तरी चाचणी वाया. त्या दिवशी पुढचं रक्त काढूच नका.

उत्तर आठव्या तासाच्या नळीत असतं. १.४ च्या वर असेल तर कुशिंगशी जुळतं. चौथ्या तासाची नळी प्रकार सांगते. समजा आकडे ४.६, १.१ आणि २.९ आले : मधे दबलं, पुन्हा उसळलं, म्हणजे आजाराचं मूळ मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत. १०० कुशिंग कुत्र्यांत ८० ते ८५ जणांचं मूळ तिथेच असतं. पण ५.२, ४.८, ५.० असं काहीच न दबलेलं आलं तर ‘ॲड्रिनलची गाठ’ म्हणून मोकळं व्हायचं नाही, कारण पिट्युटरीवाल्यांतही पुष्कळ जण असेच अडून बसतात. तिथे सोनोग्राफी हवी. दोन्ही ग्रंथी गुबगुबीत तर पिट्युटरी. एक मोठी आणि दुसरी आक्रसलेली तर गाठ. तिन्ही नळ्या तुम्ही एकाच रनमध्ये लावता, हेही मोलाचं. सकाळची आज आणि बाकीच्या उद्या लावल्या तर यंत्राचा रोजचा फरकच निदान होऊन बसेल.

चौथा प्रश्न, कुत्रं काय करतंय, हा खरं तर आम्हाला आधी पडायला हवा. ही चाचणी संवेदनशील आहे, पण भाबडी आहे. गोचीडताप, बिघडलेला मधुमेह, कुठलाही मोठा आजार अंगात असला की खोटं ‘हो’ म्हणते. एर्लिकियाने (गोचीडतापाच्या जंतूने) लोळत पडलेल्या कुत्र्याची आधी तीच व्यवस्था लावायची. फिटसाठी फेनोबार्बिटोन चालू असेल तर अल्कलाइन फॉस्फेटेज (कुशिंगमध्ये वाढणारं रक्तातलं विकर) त्यानेही चढतं. नुसतं ते चढलं म्हणून, लक्षणं नसताना, कुशिंगच्या मागे लागायचं नाही.

लक्षणांतही आपला उन्हाळा आडवा येतो. धापा टाकणं हे कुशिंगचं लक्षण, पण मे महिन्यात भुसावळला धापा न टाकणारं कुत्रं दाखवा. मालक अहिराणीत म्हणतो, ‘पानी गंज पेस’, म्हणजे पाणी खूप पितं. गंज म्हणजे किती, ते मोजल्याशिवाय कळत नाही. लिटरची बाटली घ्यायची, भांड्यात ओतलेलं लिहायचं, उरलेलं वजा करायचं, सलग तीन दिवस. घरात दुसरं कुत्रं असेल तर भांडी वेगळी, आणि न्हाणीघराचं दार बंद. किलोला दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं तर खरं जास्त. १० किलोच्या पॉमेरेनियनला लिटरभर म्हणजे फार झालं. जोडीला लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती दाट की पातळ, रिफ्रॅक्टोमीटरवर. कुशिंगमध्ये ते बहुधा १.०२० च्या खाली असतं. पट्टीवरचा गुरुत्वाचा चौकोन कुत्र्यात बिनकामाचा आहे.

लघवीतल्या कॉर्टिसॉल-क्रिएटिनिन गुणोत्तराचा उपयोग ‘नाही’ म्हणण्यापुरता. तीन सकाळी, घरीच, लांब दांड्याच्या पळीत धरलेली लघवी, समान भाग एकत्र करून. दवाखान्यात आणून धरलेली नको, आणि दवाखान्याची फेरी झाल्यावर दोन दिवस जाऊ द्यायचे. तुम्ही दोन्ही आकडे डेसिलिटरमध्ये देता. कॉर्टिसॉलला क्रिएटिनिनने भागून ३१२ ने गुणलं की पुस्तकातलं गुणोत्तर निघतं. कॉर्टिसॉल ४, क्रिएटिनिन १००, तर १२.५. मर्यादा यंत्रागणिक बदलते, म्हणून पुस्तकातला कट-ऑफ डोळे झाकून लावू नये. कमी आलं तर कुशिंग मागे पडतं. जास्त आलं तर काहीच ठरत नाही.

ॲडिसनची बाजू याच्या उलट. तिथे कुत्रं उलट्या करत, मलूल, सुकून येतं, सलाइन लावलं की दोन दिवसांत टुणटुणीत होतं आणि महिन्याने परत येतं. मालकाला वाटतं, काहीतरी खाल्लं असेल. इतक्या आजारी कुत्र्याच्या रक्तात लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी कमी व्हायला हव्यात. त्या आरामात बसलेल्या दिसल्या तर शंका घ्यायची. सोडियमला पोटॅशियमने भागून २७ च्या खाली आलं तर शंका पक्की होत जाते. पण इथेही तुमची एक सवय कामाला आली : पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली दिसलं की तुम्ही आधी फोन करता, ‘जांभळ्या टोपीच्या नळीतलं रक्त लाल टोपीत ओतलं का?’ जांभळ्या नळीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या क्षारात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. सुई काढल्यावर आधी लाल, मग जांभळी, एवढाच नियम. शिवाय चाबूककृमी भरले तरी सोडियम-पोटॅशियम अगदी ॲडिसनसारखं बिघडतं, म्हणून विष्ठा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि सोडियम-पोटॅशियम सरळ असूनही ॲडिसन असू शकतो, तेव्हा उलट्यांच्या जुन्या केसला मूळ कॉर्टिसॉल एकदा लावून पाहावंच.

मूळ कॉर्टिसॉल २ च्या खाली आलं तरी निदान झालं नाही. तिथून एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसॉल सोडायला लावणारं पिट्युटरीचं संप्रेरक) चाचणी. टेट्राकोसॅक्टाइड, म्हणजे कृत्रिम एसीटीएच, किलोला ५ मायक्रोग्रॅम, जास्तीत जास्त २५०, शिरेतून. रक्त आधी आणि एका तासाने. दोन्ही २ च्या खाली तर ॲडिसन. तासाभराचं २२ च्या वर तर कुशिंगकडे बोट. औषध महाग आणि मागवून ठेवावं लागतं. उरलेलं प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून उणे २० अंशांवर ठेवलं तर सहा महिने चालतं. कुत्रं कोसळलेलं आणलं, नाडी मंद, पोटॅशियम चढलेलं, तर चाचणीसाठी थांबायचं नाही : ०.९ टक्के सलाइन सुरू, आणि स्टिरॉइड द्यायचंच तर डेक्सामेथासोन. प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन आधी टोचलं की नंतरच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

आणि दोन्ही नळ्या सपाट, कमी. पण समोरचं कुत्रं फोफसलेलं, पोट सुटलेलं, केस गेलेले, ढसाढसा पाणी पिणारं? तो ॲडिसन नव्हे. तो बाहेरून दिलेल्या स्टिरॉइडने झालेला कुशिंग. ग्रंथी झोपून गेलीय. रिपोर्टवर दोघांचे आकडे जुळ्या भावंडांसारखे दिसतात. वेगळं असतं ते कुत्रं आणि मालकाच्या पिशवीतली ट्यूब. ही औषधं एका दिवसात बंद करायची नसतात, नाहीतर खराखुरा ॲडिसन समोर उभा राहतो. फॉर्मवरचा तो रकाना रिकामा ठेवला की तुम्ही नमुना परत का पाठवता, याचं याहून चांगलं उत्तर नाही.

वाहतुकीचंही सांगायला हवं. आपल्याकडे ‘खोलीच्या तापमानाला अर्धा तास’ हे पुस्तकातलं वाक्य एप्रिलमध्ये ४२ अंशांचं होतं. सावलीत, पंख्याखाली रक्त गोठू द्यायचं, दहा मिनिटं फिरवायचं, सिरम साध्या प्लास्टिकच्या नळीत काढून मगच फ्रिजमध्ये. सिरम न काढता नळी बर्फाला टेकवली की पेशी फुटतात आणि लाल पाणी पोचतं. एसटीच्या टपावर नव्हे, कंडक्टरच्या सीटजवळ. नळीवर पट्टी आडवी चिकटवू नका, उभी चिकटवा, म्हणजे आतली पातळी दिसते. वर ‘०’, ‘४’, ‘८’ आणि घड्याळाची वेळ. हे सगळं तुम्ही एका पानावर लिहून प्रत्येक डब्यात टाकलंत. त्या पानाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स आता नवापूरपर्यंत दवाखान्यांच्या भिंतींवर आहेत. अक्षर पुसट झालंय, तरी वाचता येतं.

पोटॅशियमसाठी रात्री साडेनऊला यंत्र पुन्हा सुरू केलंत, चौथ्या तासाची नळी फुटली तेव्हा पैसे न घेता पुढच्या आठवड्यात तिन्ही लावल्यात, आणि ‘कुत्र्याचं काय एवढं’ असं एकदाही म्हणाला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

तापी-गिरणा काठचे आम्ही काही पशुवैद्य

ता.क. : मागच्या खेपेचे तीन थर्माकोलचे डबे आणि जेलच्या सहा पिशव्या आमच्याकडेच राहिल्यात. सोमवारच्या सकाळच्या गाडीने पाठवतोय. एका डब्याचं झाकण चिरलंय, तेवढं सांभाळून घ्या.