घाटात स्वतःच्या तोंडावर बॅटरी मारणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, वाडीचंही नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी तुमच्या अंगणात वीस गाड्या येऊन उभ्या राहतील आणि सूनबाईंना चुलीवरचं चहाचं आधण उतरवायला फुरसत मिळणार नाही. हे पत्र कोणाचं ते तुम्हाला कळेलच. ऑक्टोबरच्या त्या रविवारी मढे घाटात लाल दिवा लावून बसलेली बाई, ती मी.

तीन आठवडे झाले. गुडघ्याची सूज उतरली. ऑफिसात सगळ्यांना गोष्ट सांगून झाली, सांगताना हसूही येतं. पण घरात एकटी असताना लाईट गेले की अजून छातीत धडधडतं, आणि पाठोपाठ तुमचा चेहरा आठवतो. त्या चेहऱ्याबद्दलच लिहायचं आहे. आधी थोडी मळमळ काढून टाकते, रागावू नका.

आम्ही बारा जण होतो. शनिवारी सायकलने खडकवासला, पाबे घाट, वेल्हे करत केळदला मुक्काम. रविवारी सायकली तिथेच ठेवून उपांड्या घाटाने कोकणात उतरायचं, मढे घाटाने परत वर यायचं आणि सायकलींसकट टेम्पोतून पुण्याला. पाबे घाट मी सगळ्यात हलक्या गिअरवर, तोंडाने श्वास घेत, पण न उतरता चढले. वर पोचल्यावर तोरणा आणि राजगड समोर दिसले तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला काहीही जमेल. डांबरी घाट असा फसवतो. ताम्हिणी असो की वरंधा, दम टिकला की सायकलवाला पोचतोच, वाट शोधावी लागत नाही.

रविवारी निघायलाच साडेनऊ वाजले. कारण आमच्या लीडरला व्हिडिओ करायचा होता. विषय होता मढे घाट हे नाव. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचं शव याच वाटेने खाली कोकणात, त्यांच्या गावी उमरठ्याला नेलं असं सांगतात, ती हकीकत त्याने कॅमेऱ्यासमोर तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा त्याचा गळाही दाटून आला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

उपांड्या उतरताना माझा उजवा गुडघा गेला. खालून मढे घाटाची चढण सुरू केली तेव्हा तीन वाजून गेले होते. पंधरा-वीस पावलं, मग थांबायचं. सगळ्यांच्या मागे राहायचं काम ज्याला दिलं होतं तो म्हणाला, "ताई, तुम्ही या हळूहळू, वाट एकच आहे." मामा, वाट एकच नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको. वर टेम्पोवाला घाई करत होता म्हणे. अकरा सायकली चढल्या, एक उरली, म्हणजे माणूसही एक उरलं असणार हा हिशेब कोणाला सुचला नाही. की सुचला आणि गिळला? दुसऱ्या दिवशी फोनला रेंज आली तेव्हा ग्रुपवर लीडरचा मेसेज होता, "पोचलीस की कळव." खाली अकरा अंगठे. मेलेल्या माणसाला खांद्यावर घाट उतरवणाऱ्यांची गोष्ट सांगताना ज्याचा गळा दाटला होता, त्याच्या हातून चालतं-बोलतं माणूस घाटात राहिलं.

झालं. आता तुमच्याकडे येते.

मी उजवीकडची वाट धरली, चांगली रुंद होती म्हणून. तासाभराने ती कारवीच्या झुडपांत विरून गेली. सव्वासहाला सूर्य गेला आणि झाडीत तर आधीच काळोख झाला होता. फोनची बॅटरी संपलेली. सॅकमध्ये काय होतं? तर सायकलचा मागचा लाल दिवा. तो का होता, हे कबूल करायची लाज वाटते. केळदला ज्यांच्या ओसरीवर सायकली ठेवल्या, तिथून कोणी काढून नेईल म्हणून मी तो काढून जवळ ठेवला होता. पुढचा पांढरा दिवाही काढणार होते, पण त्याचा पट्टा घट्ट बसला होता. त्या लाल दिव्याने पायाखालचं दिसत नाही. मी तो लुकलुकता ठेवून सॅकच्या पट्ट्याला अडकवला आणि एका दगडाला टेकून बसले.

किती वेळ गेला माहीत नाही. मग खालच्या अंगाला पाचोळा वाजला. जनावर असेल असं आधी वाटलं. मग बॅटरीचा झोत दिसला आणि माणूस आहे हे कळलं, तेव्हा मी जास्त घाबरले. हे तुम्हाला सांगताना वाईट वाटतं, पण खोटं कशाला लिहू? रानात, अंधारात, एकट्या बाईला माणसाचीच भीती जास्त वाटते.

आणि तुम्हाला ते कसं कळलं? तुम्ही पंधरा-वीस हात अलीकडेच थांबलात. झोत माझ्याकडे वळलाच नाही. तुम्ही बॅटरी उलटी केलीत आणि स्वतःच्या तोंडावर मारलीत. डोळे बारीक करून तसेच उभे राहिलात. पांढऱ्या मिशा, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, खांद्यावर कोयती. कोयती माझ्या नजरेस आली हेही तुम्ही ओळखलंत बहुतेक, कारण ती काढून खाली ठेवलीत. मग बोललात. "ताई, भिऊ नका. मी खालच्या वाडीतला. म्हस हुडकायला आलतो."

एवढंच. चार-पाच सेकंदांचं काम. पण मी गेले तीन आठवडे तेच घोळवते आहे. अंधारात ज्याच्या हातात बॅटरी असते तो समोरच्याच्या डोळ्यांवर मारतो; पोलीस मारतात, वॉचमन मारतात, मी स्वतः मारते. कोण आहेस तू, हे आधी दुसऱ्याने सांगायचं. तुम्ही आधी स्वतःला दाखवलंत. तुम्हाला त्या झोतानंतर काही क्षण काहीच दिसलं नसेल. मला मात्र तुम्ही दिसलात, आणि मी जी रडायला लागले ती थांबेना. तुम्ही जवळही आला नाहीत, गप्प बसा असंही म्हणाला नाहीत. माझं होईपर्यंत दुसरीकडे बघत उभे राहिलात.

मग पहिला प्रश्न, "मागं आनखी कुनी हाय का?" मी म्हटलं, नाही, सोबतचे पुढे गेले. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. त्या "हं"मध्ये काय काय होतं ते आमच्या लीडरला कधीतरी ऐकवायचं आहे.

पुढची चढण कशी झाली ते धड आठवत नाही. तुम्ही पुढे होतात आणि बॅटरी पाठीमागे धरून उजेड माझ्या पावलांपुढे पाडत होतात. मध्येच म्हणालात, वाट वर जायची सोडून आडवी जायला लागली की समजायचं ही ढोरवाट. माणसाला घाट चढायचा असतो, ढोराला चरायचं असतं. इतक्या वर्षांच्या भटकंतीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मी दिसले कशी? तर म्हणालात, "लाल काजवा कधी बघितला न्हाई, म्हनलं बघावं."

वर मी पैशाचं पाकीट काढलं आणि तुम्ही ते न बघितल्यासारखं केलंत, तेव्हा मला नाणेघाट आठवला. तिथे घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात, सगळे त्याच्यासोबत फोटो काढतात. लेण्यातला नागनिका राणीचा ब्राह्मी लेख तर प्रसिद्धच आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, यज्ञात किती गाई आणि किती नाणी दिली त्याच्या याद्यांचा. पण तिथेच एका पाण्याच्या टाक्यापाशी एक ओळ कोरलेली आहे. अर्थ इतकाच, की सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाकं दिलं. कोणी व्यापारी असेल, घाट चढून घसा कोरडा पडला असेल, म्हणून पुढच्यांची सोय केली असेल. घाटवाटा अशा माणसांवर चालत होत्या. पुढे बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे आली, माल तिकडे वळला आणि बाकीच्या वाटांवरचे बैलांचे तांडे बंद पडले. वाटा ओस पडल्या असं आम्ही शहरातले म्हणतो. ओस कुठल्या? तुमची लेक वर दिलेली आहे, बाजाराला तुम्ही वर येता, म्हैस चुकली तरी तुम्ही त्याच घाटात. आम्ही रविवारी येऊन त्याला ट्रेक म्हणतो.

लेकीवरून आठवलं. "लेकीकडं आज ना उद्या यायचंच हुतं" असं म्हणून तुम्ही मला पार ओसरीपर्यंत सोडलंत. ते खरं होतं की माझं मन राखायला, मला अजून कळलेलं नाही. आणि म्हैस सापडली का, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. सापडली का हो?

सायकल सकाळी जिथल्या तिथे होती. पुढचा दिवाही.

दिवाळीनंतर येते. गुडघ्याला पट्टा बांधून, आणि दिवसाउजेडी. तो लाल दिवा तुमच्या नातवासाठी तुमच्या हातात दिला, पण घाईत एक सांगायचं राहिलं. त्याच्या खालच्या बाजूला रबराचं छोटं झाकण आहे. ते नखाने उघडायचं, आत साध्या फोनच्या चार्जरची पिन बसते. दोन तास लावून ठेवायचा. बटण एकदा दाबलं की सलग पेटतो, दोनदा दाबलं की लुकलुकतो.